छेद : अरविंद पोरे

“नुसतं डेव्हलप करा, प्रिंट नकोत,” थोरवडे बाई म्हणाल्या आणि रोल काउंटरवर ठेवला.

“परत दिवाच का?”

“दिवाच.”

“बाई, हा अकरावा रोल. घरात दुसरं काहीच नाही का फोटो काढण्यासारखं?”

“हा शेवटचा,” त्या म्हणाल्या. “आज सकाळी शाळेचा चार्ज दिला. दिवा प्रयोगशाळेच्या कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली नव्या बाईंकडे. तेव्हा जरा जपून.”

जपून, असं मला सांगत होत्या. मी पावती फाडली आणि रोल ट्रेमध्ये टाकला.

ही गोष्ट १९९९ च्या मे महिन्यातली. कराडात माझी कलर लॅब होती, वय एकोणतीस होतं आणि गावात फोटोतलं कळणारा मी एकटाच आहे याबद्दल माझी खात्री होती. इंदुमती थोरवडे या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने अमेरिकेहून शाळेला प्लाझ्मा दिवा पाठवला होता. फुटबॉलएवढा काचेचा गोळा, आत विरळ वायू, मधोमध एक लहान गोळी. बटण दाबलं की त्या गोळीतून जांभळ्या-गुलाबी विजेच्या शिरा निघून काचेपर्यंत वळवळत येतात. काचेला बोट लावलं की बऱ्याचशा शिरा एकवटतात आणि त्यांची एक जाड शीर होऊन बोटाशी येऊन टेकते. आठवीतल्या मुली हे बघून किंचाळतात, ते ठीक आहे. पण अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने वर्षभर त्याचेच फोटो काढत बसावं, हे मला अति वाटे.

त्यांचा कॅमेरा जुना, लेन्स एकच. जवळून फोटो घ्यायचा तर वेगळी लेन्स लागते, ती महाग. म्हणून बाईंनी लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची एक रिंग करून घेतली होती आणि आहे तीच लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवली होती. उलटी लेन्स भिंगाचं काम करते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. बाईंनी माझं हसणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग पावती मागितली.

त्यांच्या प्रत्येक रोलवरचा पहिला फोटो कोऱ्या पांढऱ्या कागदाचा असे. हे मात्र मला पटायचं. अंधारातल्या फोटोची निगेटिव्ह पारदर्शक येते, दोन फोटोंमधली जागाही पारदर्शक. त्यामुळे एक फोटो कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते दिसतच नाही. आम्ही रोल धुतला की सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापतो. कडा दिसली नाही तर कात्री फोटोच्या मधून जाते. पण पहिला फोटो पांढऱ्या कागदाचा असेल तर त्याचा चौकोन ठळक उमटतो आणि तिथून पुढे मोजता येतं. फिल्मच्या काठाला भोकं असतात, एका फोटोला आठ. सहा फोटोंना अठ्ठेचाळीस. मोजत जायचं आणि कापायचं. मला मोजावंही लागत नसे, बोटांनाच कळायचं.

आता गावातल्या थोरामोठ्यांबद्दल सांगतो. कराडात ‘संगम छायाचित्र मंडळ’ होतं. तीसेक सभासद. डॉक्टर, वकील, साखर कारखान्यातले दोन इंजिनिअर. प्रत्येकाच्या गळ्यात माझ्या लॅबच्या वर्षभराच्या भाड्याइतक्या किमतीचा कॅमेरा, आणि अक्कल म्हणाल तर लेन्सचं झाकण काढायचं लक्षात राहिलं तरी नशीब. त्यांचे तिरके सूर्यास्त मी सरळ करायचो, बगळ्याशेजारचा विजेचा खांब कडेने छाटायचो, काळवंडलेले चेहरे उजळ करायचो. मग हेच लोक पुण्या-मुंबईकडे बक्षिसं मिळवायचे आणि फोटोतल्या ‘त्या क्षणा’वर भाषणं ठोकायचे. तो क्षण मी दुपारी चहा पिता पिता तयार केलेला असे.

मंडळाच्या नियमावलीत नियम चौथा होता : धंदेवाईक छायाचित्रकारास सभासद होता येणार नाही. म्हणजे मला. वार्षिक प्रदर्शनाच्या खुल्या गटात फोटो टाकायची तेवढी मुभा होती.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर वाळिंबे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी बाईंचा दिवा पाहिला आणि सिंगापूरहून स्वतःसाठी त्याहून मोठा मागवला. त्या वर्षी प्रदर्शनाचा विषय ‘प्रकाश’ होता. एका रविवारी दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या हॉलचे पडदे ओढून मंडळाने त्या दिव्याचं सामुदायिक छायाचित्रण केलं. अठरा जण. अठराही जणांनी फ्लॅश मारला.

चमकणाऱ्या वस्तूवर फ्लॅश मारला की चमक जाते आणि वस्तू उरते, हे शेंबड्या पोराला कळेल. दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्रिंट घेऊन लॅबमध्ये आले.

“पोरे, अरे यातला जांभळा रंग कुठे गेला?”

“फ्लॅशमध्ये गेला, डॉक्टर.”

“मग प्रिंटमध्ये आण की.”

“निगेटिव्हमध्येच नाही. काचेत तुमचा शर्ट आलाय बघा, चौकडीचा. आणि हे कॅमेऱ्यामागे तुम्ही.”

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं. “वा! म्हणजे ब्रह्मांडात मनुष्य. नाव मिळालं. हाच पाठवतो.”

मी मान डोलावली. अशा वेळी माझी मान आपोआप डोलायची, आणि त्याचा मला त्यांच्याइतकाच तिटकारा यायचा.

त्या रविवारी सगळे वडे खायला आत गेले तेव्हा मीही त्या दिव्याचा फोटो काढला होता. ट्रायपॉड, फ्लॅश नाही, एक सेकंदाचं एक्सपोजर. जांभळा रंग भरगच्च आला. बाकीच्या सगळ्यांच्या निगेटिव्ह माझ्याच हाताखालून जात असल्याने माझ्यापुढे कोणी नाही हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी वडा खाता खाता सांगितलं होतं, “खुल्या गटात पहिला आलास ना, तर नियम चार मी माझ्या हाताने खोडतो. शब्द.”

मला ते सभासदत्व हवं होतं. ज्यांची मला कीव येत होती त्यांच्याच ओळीत मला खुर्ची हवी होती. यात काही चमत्कारिक आहे असं तेव्हा वाटलं नाही.

तर बाईंचा अकरावा रोल. दुसऱ्या दिवशी तो धुऊन वाळला आणि मी लाइट-टेबलावर पसरला. निगेटिव्ह वाचणं हा माझा अभिमानाचा विषय होता. प्रिंट काढल्याशिवाय मला चित्र दिसायचं. पहिला पांढरा कागद. मग दिवा, दिवा, दिवा. मी भिंग घेऊन कंटाळत पुढे सरकत होतो. अठराव्या फोटोवर थांबलो.

उजवीकडून एक बोट आलं होतं. बाईंचंच, कारण तीस-बत्तीस वर्षं खडू धरून त्याच्या टोकाला पडलेल्या भेगा मी काउंटरवर कितीदा पाहिल्या होत्या. डावीकडून एक शीर आली होती. मी एक सेकंद एक्सपोजर दिलं होतं. तेवढ्या वेळात शिरा हलतात आणि सगळ्याचा कापूस होतो. तो कापूस मी कला म्हणून खपवणार होतो. बाईंनी वेगवान फिल्म घातली होती आणि सेकंदाचा तिसावा हिस्सा दिला होता. त्यामुळे शीर एकच होती, दोऱ्यासारखी बारीक, आणि काचेपाशी येताना तिचे पाच फाटे झाले होते. पाचही फाटे त्या बोटाच्या भेगांशी टेकले होते. काचेवर बोटाचा ठसा उमटला होता आणि ठशाची प्रत्येक रेघ आतून उजळली होती.

मी भिंग खाली ठेवलं. बाहेर जाऊन चहा सांगितला. चहा आला, तो न पिताच पुन्हा आत गेलो आणि पुन्हा पाहिलं.

मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नव्हतं. उलटी लेन्स, लेथवाल्याची रिंग, शाळेचा दिवा. आणि मी सगळ्या गावाचे फोटो सुधारत बसलेलो.

मग मी रोल कापला, पट्ट्या पाकिटात घातल्या आणि जेवायला घरी गेलो.

बाई संध्याकाळी आल्या. मी पाकीट पुढे केलं आणि त्यांनी ते उघडायच्या आतच म्हणालो, “बाई, एक गडबड झालीय. काळोखातल्या फोटोंना कडाच दिसत नाहीत. कापताना अंदाज चुकला. एक फोटो कापला गेला.”

“कितवा?”

“बघितलं नाही. मधला कुठला तरी.”

त्यांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. “टेबल लावता का जरा?”

मी लाइट-टेबल लावलं. त्यांनी सहाही पट्ट्या एकाखाली एक मांडल्या आणि पेन्सिलीच्या टोकाने भोकं मोजायला सुरुवात केली. उत्तरपत्रिका तपासावी तसं ओठ न हलवता मोजत होत्या. पहिली पट्टी मोजली, दुसरी मोजली. तिसरीशी थांबल्या. मग चौथी, पाचवी, सहावीही मोजली. मला वाटलं, आता रडतील. बायका अशा वेळी रडतात आणि मग आपण पुढच्या रोलचं डेव्हलपिंग फुकट करून देतो. मी तेवढ्याची तयारी ठेवली होती.

“अठरावा,” त्या म्हणाल्या.

“अरेरे. पुन्हा घेता येईल की.”

“दिवा कपाटात आहे, पोरे. कालच सांगितलं तुम्हाला.”

“डॉक्टरांचा आहे ना. मी शब्द टाकतो.”

“नको,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या तिसरी आणि चौथी पट्टी शेजारी शेजारी धरून बघत राहिल्या. “मोठे करता येतील हे दोन तुकडे?”

“तुकडे?”

“प्रत्येकी बारा बाय नऊ. दोन मिळून बारा-अठरा होतं. हिशेब बरोबर आहे ना?”

“आहे. पण त्याचं करणार काय?”

“तुम्ही स्वतः प्रिंट करा. मशीनवर नको. जांभळ्याचा तपकिरी होऊ देऊ नका,” त्या म्हणाल्या आणि पट्ट्या माझ्यासमोर ठेवून गेल्या.

त्या दोन प्रिंटवर मी दोन दिवस घालवले. यंत्राला सगळा काळोख दिसला की ते फोटो उजळत सुटतं आणि काळ्याचा राखाडी चिखल करतं, म्हणून मी एनलार्जरवर हाताने फिल्टर बदलत बसलो. अकरा कागद वाया घालवले. आयुष्यात इतकं जपून काम मी स्वतःच्या फोटोसाठीही केलं नव्हतं. असं का करतोय हे स्वतःला विचारलं नाही. बाई आल्या, खिडकीजवळ नेऊन प्रिंट पाहिल्या आणि म्हणाल्या, “छान.” एवढंच. पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी ते काउंटरवर ठेवले आणि निघून गेल्या.

प्रदर्शन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टाऊन हॉलमध्ये लागलं. पुण्याहून परीक्षक आले होते, पोनीटेल बांधलेले. मी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या फोटोजवळ उभा होतो. त्या कापसाला मी ‘तेज’ असं नाव दिलं होतं. परीक्षक माझ्या फोटोवरून नजर न थांबवता पुढे गेले. डॉक्टरांच्या ‘ब्रह्मांडात मनुष्य’पाशी त्यांनी मिनिटभर घालवलं, कारण डॉक्टर शेजारी उभे होते. मग हॉलच्या कोपऱ्यात गेले आणि तिथेच थबकले. हळूहळू सगळे तिकडे सरकले, तसा मीही गेलो.

बाईंनी दोन्ही तुकडे एका काळ्या पुठ्ठ्यावर लावले होते. डावीकडे शीर, उजवीकडे बोट. मध्ये दोन बोटं रुंद काळी पट्टी सोडली होती. वीज बोटाकडे निघाली होती आणि पोचत नव्हती.

“ही पोकळी बोलते,” परीक्षक म्हणाले.

“बोलते,” डॉक्टर म्हणाले.

“लोक फोटो फ्रेममध्ये बसवतात. इथे फ्रेमच कापलीय. आणि काप बघा, किती सरळ आहे. हात थरथरलेला नाही. हा छेद चुकून गेलेला नाही, विचार करून दिलेला आहे.”

सबंध आयुष्यात मी परीक्षक म्हणवणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव खरं वाक्य, आणि ते म्हणणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

कारण पट्ट्या सहा असतात म्हणजे काप पाच. अंदाज चुकला असता तर पाचही काप चुकले असते. बाईंनी पेन्सिलीने मोजलं तेव्हा चार काप भोकाभोकानिशी अचूक निघाले. अठराव्यापाशी मी नेहमीसारखी कड चाचपली होती, बरोबर जागी बोट ठेवलं होतं आणि मग फिल्म चार भोकं मागे सरकवली होती. आठाची निम्मी चार. बरोबर मध्यावर.

“यातले पोरे म्हणजे आपलेच का?” कोणीतरी विचारलं.

तेव्हा मला पुठ्ठ्याखालची चिठ्ठी दिसली. फळ्यावर लिहितात तशा गोल, स्वच्छ अक्षरात बाईंनी लिहिलं होतं :

छायाचित्र : इंदुमती थोरवडे
छेद : अरविंद पोरे

पुढचं सगळं फार लवकर झालं. पहिलं पारितोषिक ‘विभागून’ जाहीर झालं, थोरवडे आणि पोरे. माझ्या ‘तेज’ला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही, ते डॉक्टरांना मिळालं. डॉक्टरांनी माइक हातात घेऊन छेद म्हणजे जीव आणि शिव यांच्यातलं अंतर कसं, हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. मग खिशातून नियमावली काढून, दिलेल्या शब्दाप्रमाणे, सगळ्यांदेखत नियम चौथा लाल पेनाने खोडला. “पोरे, आजवर तुला आम्ही कारागीर समजत होतो. तू कलावंत निघालास,” असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या अंगात तोच चौकडीचा शर्ट होता. मी मान डोलावली.

स्टेजवर मी आणि बाई शेजारी शेजारी उभे होतो. एकच करंडक दोघांनी धरायचा होता. फोटो काढणाऱ्याने अर्थातच फ्लॅश मारला.

खाली उतरल्यावर मी त्यांना जिन्यापाशी गाठलं.

“बाई, तुम्हाला कळलं होतं.”

“आठचा पाढा येतो मला.”

“मग सांगितलं का नाही कोणाला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडलेल्या नव्हत्या. सोपं गणित तिसऱ्यांदा चुकवलेल्या पोराकडे बाई बघतात तशा बघत होत्या.

“सांगितलं की,” त्या म्हणाल्या. “नाव घालून, ठळक अक्षरात लिहून, टाऊन हॉलमध्ये लावलंय. तीनशे माणसांनी वाचलं. त्यांना कळलं नाही, त्याला मी काय करू?”

“मी आत्ता जाऊन सांगतो सगळ्यांना.”

“सांगा.”

त्या जिन्याच्या कठड्याला हात लावून थांबल्या. खरोखरच थांबल्या, मी जातो का ते बघायला. आतून डॉक्टरांचा आवाज आला, “अरे पोरे कुठेय? सभासदांचा ग्रुप फोटो आहे, बोलवा त्याला.”

मी आत गेलो. पुढच्या ओळीत डॉक्टरांच्या डाव्या बाजूला मला खुर्ची दिली होती. मी बसलो. फोटो झाल्यावर बाहेर येऊन पाहिलं तर जिन्यापाशी कोणी नव्हतं.

बाई त्यानंतर माझ्या लॅबमध्ये आल्या नाहीत. त्यांचे रोल साताऱ्याला धुवायला जातात असं ऐकलं. पुढे फिल्मच गेली, त्या मुलाकडे नाशिकला गेल्या आणि सहा वर्षांपूर्वी तिथेच वारल्या.

या वर्षी मंडळाने मला अध्यक्ष केलं. मी ज्यांना हसायचो त्यांची मुलं आता सभासद आहेत, बापांसारखीच, फक्त त्यांचे कॅमेरे आणखी महाग. सत्काराच्या दिवशी त्यांनी कुठून तरी ती जुनी चिठ्ठी शोधून काढली, तिला सोनेरी फ्रेम केली आणि मला भेट दिली. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने ती माइकवर मोठ्याने वाचून दाखवली, दोन्ही ओळी.

तेव्हाही माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले.